पेठ आणि रान : सोलापूरकडील दोन अल्पखर्ची चित्रपट व सवंगड्यांची भटकंती

(१) विषयप्रवेश

सोलापूर शहराच्या जुन्या भागात वारांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या ज्या पेठा आहेत त्यांपैकी शुक्रवार पेठ ही एक होय. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा नित्य कानी पडणाऱ्या या शहरात 'पेठ' हा शब्द अर्थासाठी कोणालाच विचारावा लागत नाही. मराठीत पेठ, कन्नडात पेटे, तेलुगूत पेट, तमिळात पेट्टै अशी त्याची रूपे आहेत, आणि या सर्व भाषांत बाजाराभोवती वसलेली वस्ती हा त्याचा गाभ्याचा अर्थ कायम आहे. या शब्दाचा प्रतियोगी शब्द कोणता, असे सोलापूरकडील माणसास विचारले असता तो 'जंगल' असे सांगणार नाही, 'अरण्य' असेही सांगणार नाही. तो 'रान' असे सांगेल.

पेठ आणि रान या दोन शब्दांतील अंतर हा वरकरणी केवळ शब्दार्थाचा प्रश्न आहे. तथापि चित्रपटाच्या इतिहासातील एका प्रश्नाचे उत्तर शोधताना हेच अंतर उपयोगी पडते. थोड्या भांडवलावर, मोठ्या निर्मितिसंस्थेच्या आश्रयावाचून काढलेला, आणि काही मित्र निर्जन प्रदेशात भटकावयास जातात एवढेच कथासूत्र असलेला चित्रपट हा जगभर रुळलेला एक प्रकार आहे. मराठीत मात्र तो त्या स्वरूपात फारसा आढळत नाही. यावरून मराठी चित्रपटाला निसर्गाची ओढ नाही, किंवा मराठी निर्मात्यांजवळ कल्पकता नाही, असे अनुमान काढणे सोपे आहे. प्रस्तुत लेखात याहून वेगळे मत मांडावयाचे आहे. सवंगड्यांच्या भटकंतीचा चित्रपट महाराष्ट्रात आहे; सोलापूरकडील भूमीने तो दिला आहे; परंतु तेथील 'रान' हे पाहुण्याचे नसून रहिवाशाचे असल्यामुळे त्याचे रूप इतके पालटले की अभ्यासकांनी त्याला त्या प्रकारात गणलेच नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आणि विनोद कांबळे यांचा 'कस्तुरी' ही त्याची दोन उदाहरणे होत.

(२) 'रान' शब्दाचा अर्थविस्तार

संस्कृत 'अरण्य' या शब्दातील आद्य अकार प्राकृतात लोपला व 'रण्ण' असे रूप झाले. त्यापासून मराठी 'रान' सिद्ध झाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पाहता रान आणि अरण्य हे एकच होत. व्यवहारात मात्र दोहोंची ताटातूट झाली. अरण्य हा तत्सम शब्द पोथीत राहिला, त्याला ऋषींचे आश्रम व वनवास यांचा सहवास लाभला. रान हा तद्भव शब्द शेतकऱ्याच्या तोंडी राहिला आणि त्याचा अर्थ दोन दिशांनी वाढला. एकीकडे रानडुक्कर, रानभाजी, आडरान, रानोमाळ या शब्दांत मूळचा ओसाडपणाचा अर्थ टिकून आहे. दुसरीकडे दख्खनच्या पठारावर रान म्हणजे कसण्याची जमीन असा अर्थ सर्रास प्रचारात आहे. 'तो रानात गेला आहे' याचा अर्थ तो शेतावर गेला आहे. रान नांगरतात, रान तयार करतात, काळे रान आणि हलके रान असा जमिनीचा भेद करतात. गुरांच्या चराईसाठी राखलेली गावची सामाईक जमीन ती गायरान. आणि ज्या तुपाची किंवा अंड्याची वाखाणणी करावयाची ते गावरान.

याच शब्दापासून 'रानटी' हे विशेषणही झाले आहे. गावरान ही स्तुती आणि रानटी ही निंदा, पण दोहोंचे मूळ एक. रानाशी संबंध जोडणारा शब्द वस्तूला लावला तर तिचा भाव वाढतो, आणि माणसाला लावला तर त्याची पत जाते, हा भेद पुढील विवेचनात ध्यानी ठेवावयास हवा.

'जंगल' या शब्दाची कथा याच्या उलट आहे. आज जंगल म्हटले की दाट झाडी डोळ्यांपुढे येते. परंतु आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'जाङ्गल' देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळ्या हवेचा प्रदेश. पाणथळ व गर्द 'आनूप' देशाचा तो विरुद्ध प्रकार. या जुन्या अर्थाने पाहिल्यास बोरी, बाभळी आणि कुसळी गवताचा सोलापूरचा माळ हा खराखुरा जाङ्गल देश ठरतो. नव्या अर्थाने पाहिल्यास तेथे जंगल औषधालाही सापडणार नाही.

शब्दांची ही अदलाबदल केवळ कोशातच राहिली असे नाही. माळढोक पक्ष्याच्या संरक्षणासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत जे अभयारण्य जाहीर झाले त्याचे मूळ क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते, आणि त्यात करमाळा, माढा, मोहोळ व उत्तर सोलापूर या तालुक्यांचे भाग अंतर्भूत होते. एवढ्या क्षेत्रात गावे होती, शेते होती, रस्ते होते. कागदावर ते अभय-'अरण्य' होते आणि तेथे राहणाऱ्यांच्या लेखी ते त्यांचे 'रान' होते. पुढे फेररचनेनंतर हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत उतरविण्यात आले. एकाच भूमीला दोन भाषिक नोंदवह्यांत दोन अर्थ असले म्हणजे व्यवहारात काय घडते याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण. येथील माणसाला निर्जन प्रदेशाकडे 'सहल' काढावयाची म्हटली तर तो जाणार कोठे? उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले की तो रानातच असतो.

(३) पाहुण्यांचे अरण्य

तुलनेसाठी या प्रकारातील काही ठळक चित्रपट पाहणे इष्ट होईल. डॅनियल मिरिक व एदुआर्दो सांचेझ यांचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' हा १९९९ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन चित्रपट अल्पखर्ची निर्मितीचा आदर्श म्हणून सांगितला जातो. तीन विद्यार्थी एका दंतकथेवर माहितीपट काढण्यासाठी मेरिलँडमधील झाडीत शिरतात आणि परत येत नाहीत, एवढेच त्याचे कथानक. १९९७ च्या ऑक्टोबरात अवघ्या आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रीकरण उरकले. नटांनी स्वतःच कॅमेरे हाताळले. १९९९ च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात एका वितरणसंस्थेने तो विकत घेतला आणि त्याने जगभर अफाट उत्पन्न मिळविले. केली रायकार्ड यांच्या २००६ मधील 'ओल्ड जॉय' या चित्रपटात दोन जुने मित्र ओरेगॉन राज्यातील डोंगरात उन्हाळ्याच्या पाण्याच्या झऱ्यावर जाऊन येतात. भय नाही, अपघात नाही, मैत्री विरत चालल्याची जाणीव तेवढी आहे.

भारतीय चित्रपटात या प्रकाराचा श्रेष्ठ नमुना म्हणजे सत्यजित राय यांचा १९७० मधील 'अरण्येर दिनरात्री'. सुनील गंगोपाध्याय यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात कलकत्त्याचे चार तरुण पलामूच्या जंगलात मौजेसाठी जातात, चौकीदाराला पैसे चारून विश्रामगृहात उतरतात आणि आपण कोणाचेही काही लागत नाही अशा थाटात वागतात. चौकीदाराची पत्नी आजारी आहे ही गोष्ट त्यांच्यापैकी एकाच्याही मनाला शिवत नाही. अपर्णा ही तरुणी जेव्हा असीमला ते घर दाखविते तेव्हा त्याला आपल्या निष्काळजीपणाची ओळख पटते. या एका प्रसंगात राय यांनी या प्रकारातील मूलभूत उणीवच उघड केली आहे. शहरातून आलेल्या मित्रांच्या दृष्टीने अरण्य म्हणजे स्वतःच्या मनाचा आरसा. परंतु त्या आरशात पूर्वीपासून कोणी राहत आहे याचा त्यांना विसर पडतो.

सारांश, या तिन्ही चित्रपटांत तीन गोष्टी समान आहेत. मित्र बाहेरून येतात. त्यांच्याजवळ रिकामा वेळ असतो. आणि अरण्यातून बाहेर पडण्याची वाट, निदान प्रारंभी, त्यांना मोकळी असते. या तीन अटी पुऱ्या झाल्याखेरीज 'सहल' होत नाही.

मराठीत या अटींच्या सर्वांत जवळ जाणारा अलीकडचा चित्रपट म्हणजे अविनाश अरुण यांचा 'किल्ला'. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात मुलांच्या विभागातील 'क्रिस्टल बेअर' हा पुरस्कार त्याला मिळाला, त्याच वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आणि २०१५ च्या जूनमध्ये तो प्रदर्शित झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर आईच्या सरकारी नोकरीतील बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय तेथील मुलांबरोबर सायकलींच्या शर्यतीत किल्ल्यावर जातो, आणि पावसात एकटा मागे राहतो. येथे मुलगा बाहेरचा आहे आणि सवंगडी तेथले आहेत. त्याची पुन्हा बदली होईल आणि तो निघून जाईल, हेही ठरलेले आहे. राय यांच्या चौघांचा तुटकपणा त्यात नाही, तरी वाट मोकळी असण्याची अट त्यात शिल्लक आहे. ही अटही नाहीशी झाली म्हणजे काय उरते, ते पाहण्यासाठी किनारा सोडून सह्याद्रीच्या पूर्वेकडे, पर्जन्यछायेच्या पठारावर यावे लागते.

(४) 'फँड्री' : काळ्या चिमणीचा माग

नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. 'पिस्तुल्या' या लघुपटाने त्यांचे नाव प्रथम जाणत्यांच्या कानी गेले. त्यानंतरचा 'फँड्री' हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट २०१३ साली महोत्सवांत दाखविला गेला व १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. २०१३ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठी असलेला इंदिरा गांधी पुरस्कार त्याला मिळाला, आणि जब्याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे हा उत्कृष्ट बालकलाकारांच्या पुरस्कारात सहभागी ठरला. कथानकाचे गाव अकोळनेर हे नगरजवळचे. परंतु दिग्दर्शक करमाळा तालुक्यातील आणि जब्याची भूमिका करणारा मुलगा त्याच तालुक्यातील केमचा. सोमनाथला नटाचे शिक्षण नव्हते. तो हलगी वाजवीत असे. पिऱ्याची भूमिका करणारा सूरज पवार हा 'पिस्तुल्या'तही होता. अनुभवी नटांपैकी किशोर कदम व छाया कदम हे आईबापांच्या भूमिकांत आहेत. भांडवल थोडे असले की माणसे जवळची घ्यावी लागतात, आणि माणसे जवळची असली की बोली आपोआप खरी उतरते. अल्पखर्ची निर्मितीचा हा लाभ येथे पुरेपूर प्रत्ययास येतो.

चित्रपटाचे बाह्य कथासूत्र सर्वांस ठाऊक आहे. डुकरे धरण्याचे काम ज्यांच्यावर लादले गेले अशा कैकाडी कुटुंबातील जब्याचे मन वर्गातील शालूवर बसते. काळी चिमणी मारून, जाळून तिची राख अंगावर टाकली तर ती मुलगी वश होते अशी त्याची समजूत आहे. म्हणून तो आणि त्याचा मित्र पिऱ्या गलोल घेऊन काटेरी झुडुपांतून हिंडत असतात. समीक्षकांनी या हिंडण्याकडे बहुधा रूपक म्हणूनच पाहिले. परंतु त्याकडे सरळ पाहिले तर दोन मित्र, एक ध्यास, निर्जन माळ आणि हाती न लागणारी वस्तू असा हा भटकंतीच्या चित्रपटाचा संपूर्ण सांगाडा आहे.

भेद आहे तो वर सांगितलेल्या तीन अटींत. ही मुले बाहेरून आलेली नाहीत. त्यांच्याजवळ रिकामा वेळ नाही. शाळा बुडते ती बहुधा घरच्या कामापायी. आणि वाटेविषयी म्हणावे तर रानात त्यांना मुळीच अडचण नाही, अडचण आहे ती गावात परतण्याची. 'ब्लेअर विच'मधील तरुण झाडीत हरवतात. जब्या व पिऱ्या यांना प्रत्येक झुडूप ओळखीचे आहे. माळावर जब्या मोकळेपणी धावतो, ओरडतो, हसतो. गावाची वेस ओलांडली की त्याचा आवाज खाली येतो. भयाचे स्थान अरण्यातून उचलून वस्तीत नेऊन ठेवले गेले आहे, आणि या एका उलथापालथीने या चित्रप्रकाराचे सारे व्याकरण बदलते.

डुक्कर या प्राण्याच्या बाबतीत हे व्याकरण विशेष स्पष्ट होते. रानडुकरामागे रानात धावणे याला मराठीत शिकार म्हणतात; त्यात पराक्रम मानला जातो आणि ते धावणारे पूर्वी बहुधा इनामदार व सरदार असत. गावडुकरामागे गावात धावणे याला तसा शब्दच नाही. क्रिया तीच, प्राणी जवळजवळ तोच. बदलली ती जागा आणि माणसे. चित्रपटाच्या उत्तरार्धात जब्याचे सारे कुटुंब शाळेच्या परिसरात डुकरामागे धावत असते आणि गावातील तरुण ती एक करमणूक समजून पाहत असतात. डुक्कर हाती येणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी उभा राहतो, त्याच्यामागोमाग घरची माणसेही थांबतात, आणि डुक्कर निसटते. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन ते ज्या भिंतीवरून जातात तिच्यावर फुले, आंबेडकर, शाहू, गाडगे महाराज यांची चित्रे आहेत. शेवटी चिडविणाऱ्याच्या, म्हणजे पर्यायाने प्रेक्षकाच्या, दिशेने जब्या दगड भिरकावतो. रानात चिमणीवर धरलेला नेम गावात माणसावर वळला, एवढेच येथे घडते. परंतु तो नेम घडविला आहे रानानेच.

(५) एका शब्दाचा प्रवास

चित्रपटाचे शीर्षक बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना अपरिचित होते. 'फँड्री' हा कैकाडी भाषेतील शब्द, अर्थ डुक्कर. कैकाडी ही द्राविडी कुळातील बोली. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत १९०६ च्या चौथ्या खंडात तिचा विचार तमिळच्या अनुषंगाने केलेला आहे. डुकरास तमिळात 'पन्ऱि', मल्याळममध्ये 'पन्नि', तेलुगूत 'पंदि' म्हणतात. जुन्या कन्नडातही 'पंदि' असेच रूप होते. शब्दारंभीच्या प-काराचा मध्ययुगात ह-कार झाल्यामुळे आज ते 'हंदि' असे ऐकू येते. कैकाडीतील रूप या मालिकेत कोठे बसते हे निराळे सांगावयास नको. सोलापुरात तेलुगू बोलणारा विणकर व कन्नड बोलणारा व्यापारी यांच्या घरात ज्या शब्दाची भावंडे नांदतात, तोच शब्द वेशीबाहेरच्या पालात उच्चारला गेला की शिवी ठरतो. शब्द एका कुळाचे असले तरी बोलणाऱ्यांची प्रतिष्ठा एक नसते, हे भाषाभ्यासकाला नवे नाही. परंतु एखाद्या चित्रपटाच्या शीर्षकातून ते इतक्या उघडपणे समोर आले असेल असे दुसरे उदाहरण मराठीत सहसा सापडणार नाही.

या शब्दाच्या प्रवासाला सोलापूरच्या इतिहासाचीही एक बाजू आहे. १८७१ साली प्रथम झालेल्या आणि १९११ च्या कायद्याने देशभर विस्तारलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली ज्या भटक्या जमातींवर जन्माबरोबरच गुन्हेगारीचा शिक्का बसला त्यांत कैकाडीही होते. अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवणारी एक मोठी वसाहत सोलापुरात होती, आणि तेथील माणसे शहराच्या गिरण्यांत कामाला लावली जात. तो भाग आजही 'सेटलमेंट' या नावाने ओळखला जातो. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. टोपल्या विणीत गावोगाव फिरणाऱ्या माणसांना, रानात हिंडणे हाच गुन्हा ठरवून, शहराच्या कडेला आणून बसविले गेले. हिंडले तर गुन्हेगार, स्थिरावले तर कुंपणात. ज्यांच्या आजोबांच्या भटकण्याची हजेरी पोलिसांच्या वहीत लागत असे, त्यांच्या नातवांच्या भटकंतीला 'सहल' हा शब्द कसा लागू पडावा? 'फँड्री'तील मुलांचे रानात असणे निष्कपट आहे. परंतु त्या असण्यामागे हा इतिहास उभा आहे आणि तो वगळून या चित्रपटाचे वाचन पुरे होत नाही.

(६) 'कस्तुरी' : सुगंधाचा माग

दुसरा चित्रपट सोलापूर जिल्ह्यातीलच बार्शीचा. विनोद कांबळे यांनी २०१९ साली पूर्ण केलेल्या 'कस्तुरी'ला त्या वर्षाच्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट बालचित्रपटाचा मान मिळाला. पुरस्कारांची घोषणा २०२१ च्या मार्चमध्ये झाली. सफाईकाम आणि शवविच्छेदनाच्या कामास हातभार लावणे हे ज्याच्या घराण्याच्या वाट्याला आले आहे असा गोपी हा शाळकरी मुलगा त्यात नायक आहे. अंगाला येणाऱ्या वासावरून वर्गात त्याची हेटाळणी होते. कस्तुरी नावाचा एक अद्भुत सुगंध असतो असे त्याच्या कानी येते, आणि तो व त्याचा मित्र आदिम त्या सुगंधाच्या शोधास लागतात.

'फँड्री'शी याचे साम्य पाहताक्षणी लक्षात येते. तेथे जब्या व पिऱ्या, येथे गोपी व आदिम; तेथे काळ्या चिमणीची राख, येथे कस्तुरी. दोन्ही वस्तू दंतकथेतील, दोन्ही दुर्मिळ, आणि दोन्हींचा उपयोग एकच : आपल्या अंगावर बसलेला शिक्का पुसून टाकणे. जब्याला राख दुसऱ्याच्या अंगावर टाकावयाची आहे, गोपीला सुगंध स्वतःच्या अंगाला लावावयाचा आहे. परंतु आपण जन्मलो त्याहून वेगळे दिसावे ही इच्छा समान आहे. कस्तुरीमृग हा हिमालयाच्या थंड उंचीवरचा प्राणी. सोलापूरच्या उन्हात त्याचा मागमूस असणे शक्य नाही. भारतीय परंपरेत मात्र आपल्याच नाभीतील गंधासाठी रानोमाळ धावणाऱ्या मृगाचा दृष्टांत इतका रुळलेला आहे की मुलाचा शोध सुरू होताच जाणत्या प्रेक्षकाला त्याच्या दिशेचा अंदाज येतो. या दृष्टांताचा वापर संतवाङ्मयात आत्मज्ञानासाठी होत आला; येथे तो आत्मसन्मानासाठी होतो. अध्यात्मातील साधकाला सुगंध आत आहे एवढे कळले की पुरे होते. गोपीची अडचण अशी की त्याला ते कळले तरी वर्गातील मुलांना कळावयाचे राहते.

एक महत्त्वाचा भेदही नोंदविला पाहिजे. जब्याचे माळावर राज्य आहे. गोपीजवळ तसा माळ नाही. त्याचे जग तालुक्याच्या गावातील इस्पितळ, शाळा व वस्ती यांनी घेरलेले आहे. दोन चित्रपटांत सहासात वर्षांचे अंतर आहे आणि तेवढ्यात सवंगड्यांच्या शोधाचे क्षेत्र रानातून पेठेत सरकले आहे. रान उरले आहे ते कस्तुरी या शब्दात.

(७) चित्रपटाची पेठ

सवंगड्यांप्रमाणे अशा चित्रपटालाही पेठेपर्यंत पोचावे लागते, आणि ती वाट सरळ नसते. 'फँड्री'ला महोत्सवांतील गौरवानंतर मोठ्या वितरणाचा आधार मिळाला आणि काही महिन्यांतच तो चित्रगृहांत आला. त्यानंतर २९ एप्रिल २०१६ रोजी आलेल्या मंजुळे यांच्याच 'सैराट'ने मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे जुने अंदाज मोडीत काढले. करमाळ्याकडची बोली महाराष्ट्रभर ऐकली जाऊ शकते हे त्याने निर्विवाद सिद्ध केले. एवढे होऊनही 'कस्तुरी'ला निर्मितीनंतर सुमारे चार वर्षे थांबावे लागले. मधल्या काळात साथीच्या रोगामुळे चित्रगृहे बंद होती हे खरे, परंतु राष्ट्रीय पुरस्कारानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ गेला. अखेर नागराज मंजुळे आणि अनुराग कश्यप यांनी पुढे होऊन आपल्या नावाने तो सादर केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो प्रदर्शित झाला. 'ब्लेअर विच'ला एका महोत्सवाने बाजार मिळवून दिला. 'कस्तुरी'ला तो मिळवून देण्यासाठी जिल्ह्यातील आधीच्या वाटसरूचा हात लागला. सवंगडी हा जसा या चित्रपटांचा विषय आहे, तशीच ती त्यांच्या जगण्याची रीतही आहे असे म्हणावयास हरकत नाही.

(८) समारोप

वरील विवेचनातून निष्पन्न होणाऱ्या गोष्टी थोडक्यात अशा. सवंगड्यांच्या अरण्यभेटीचा चित्रपट हा पाहुण्याच्या दृष्टीतून घडलेला प्रकार आहे, आणि त्याची लक्षणे ठरविताना पाहुण्याची दृष्टी गृहीत धरलेली आहे. ज्या भाषेत शेत आणि ओसाड यांना एकच शब्द आहे, आणि ज्या भूमीत अभयारण्याच्या सीमेत गावे वसलेली आहेत, तेथे हा प्रकार रहिवाशाच्या दृष्टीतून घडतो; मग भय वस्तीत जाते, मोकळीक रानात राहते आणि मौजेच्या जागी शोध येतो. 'फँड्री' व 'कस्तुरी' यांना केवळ 'ग्रामीण' अथवा केवळ 'जातिप्रश्नाचे' चित्रपट म्हणून वर्गीकृत केल्याने त्यांचा आशय खोटा ठरत नाही, परंतु त्यांचे जगातील चित्रपरंपरेशी असलेले नाते दृष्टीआड होते. आणि ज्या मुलांनी एवढा माळ तुडविला त्यांच्या मैत्रीची, हसण्याची व कुतूहलाची दखल कोणी घेत नाही. दुःख हे त्यांच्या वाट्याला आले म्हणून ती केवळ दुःखाचीच पात्रे होत नाहीत.

भाषाभ्यासकांच्या दृष्टीने येथे बरेच काम शिल्लक आहे. या चित्रपटांतील संवादांची बोलीनिष्ठ संहिता लिहून काढणे, त्यांतील कैकाडी शब्दांची शेजारच्या कन्नड, तेलुगू व तमिळ रूपांशी तुलना करणे, आणि करमाळा व बार्शी या तालुक्यांत 'रान', 'माळ', 'गायरान' हे शब्द कोण कोणत्या अर्थाने वापरतो याची वस्तीवार पाहणी करणे, ही तीन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावीत अशी आहेत. ज्या घरांत कैकाडी बोलली जाते तेथील वृद्ध मंडळी अजून आहेत. नव्या पिढीतील मुले शाळेत मराठी बोलतात आणि घरची भाषा चारचौघांत उच्चारण्यास कचरतात. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द चित्रपटाच्या नावात आल्यानंतर तो उच्चारताना त्या मुलांना काय वाटते, हा प्रश्नही त्या पाहणीत त्यांनाच विचारावयास हवा.